शिकवलेला कामगार निघून गेला तर?

प्रश्न : प्रशिक्षण घेऊन कामगार दुसरीकडे जाणारच असेल, तर मालकाने त्याच्यावर खर्च का करावा?

उत्तर : या शंकेची शास्त्रीय मांडणी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये केली. वेल्डिंगसारखे कुठेही उपयोगी पडणारे कौशल्य कामगाराला बाजारात तितकाच जास्त पगार मिळवून देते. म्हणून त्याचा खर्च मालक उचलणार नाही, उमेदवारीच्या काळातील कमी वेतनाच्या रूपाने तो कामगारच सोसेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकाच कारखान्यापुरत्या ज्ञानाला बाहेर मोल नसते, त्यामुळे तिथे खर्च आणि लाभ दोघांत वाटले जातात.

प्रत्यक्षात जर्मनीतील अनेक कंपन्या सर्वत्र चालणारी कौशल्येही स्वखर्चाने शिकवतात. डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात याचा उलगडा केला. नव्या मालकाला कामगाराची पारख नसते आणि नोकरी बदलणेही सोपे नसते, त्यामुळे कौशल्य वाढते त्या प्रमाणात पगार वाढत नाही व मधली तफावत शिकवणाऱ्या मालकाच्या पदरात पडते. (कामगाराच्या दृष्टीने ही काही आनंदाची बातमी नव्हे.) करारनाम्याने माणसाला बांधून ठेवण्याचा मार्ग मला दुबळा वाटतो, कारण थांबलेला माणूस मन लावून काम करीलच, याची हमी कोणताही करारनामा देत नाही.