शाळेत मनाचं शिकवलं की पोरांच्या डोक्यात नको ते भरतं का?

"मॅडम, शाळेत ह्यां टेन्शन नि डिप्रेशन कित्याक शिकवतत? नको ता पोरांच्या डोक्यात भरतत." मालवणकडच्या एका गावात पालकसभेत एक आई उभी राहून मला बोलली आणि मागे बसलेल्या चारजणींनी माना डोलावल्या. हा प्रश्न मला सारखा कुणीतरी विचारतंच, म्हणून तिच्याच मुलीची गोष्ट सांगते, दोघींना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

मुलगी नववीत. कोविडनंतर शाळा उघडली तेव्हापासून पोटदुखी, ती पण शाळेच्या दिवशी सकाळीच. पित्ताच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी नॉर्मल आली, देवळात गाऱ्हाणं घालून झालं, मग घरच्यांनी ठरवूनच टाकलं की नाटकं करते, अभ्यास नको असतो. मनाचं काही असेल हे कुणी तोंडातून काढलं नाही, कारण आमच्याकडे तसं म्हटलं की लोक लगेच "रत्नागिरीला न्या" म्हणतात, तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे ना, म्हणजे जिथे माणसं बरी व्हायला जातात त्या जागेचीच शिवी करून ठेवलीय. मला हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं.

सभेनंतर महिन्याभराने शाळेतल्या एका बाईंनी मनाबद्दलचा तो तास घेतला. कागदावर माणसाची नुसती आकृती दिली आणि सांगितलं, भीती वाटली की अंगात कुठे कळतं ते रंगवा. कुणी छाती रंगवली, कुणी तळहात. हिने पोट रंगवलं, निळ्या स्केचपेनने, इतकं घासून घासून की कागद फाटला. बाईंनी वर्गात एक अक्षर विचारलं नाही, हे त्यांनी फार बरं केलं, सुट्टीत बाजूला घेतलं, आईशी बोलल्या आणि मग मला फोन केला.

पहिल्या भेटीत मी आईला विचारलं, वर्षात कधी अजिबात दुखत नाही असं होतं का? ती जरा थांबली. "बंदीत काय दुखत नाय." बंदी म्हणजे जून-जुलैची मासेमारीबंदी. आता शाळा तर जूनमध्येच सुरू होते, मग अभ्यासाचा कंटाळा असता तर तेव्हाही दुखलं असतं की! फरक एवढाच की ते दोन महिने वडील घरी असतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा त्यांची होडी परतायला उशीर झाला होता, रात्रभर फोन लागत नव्हता आणि ही एवढीशी पोर दारात बसून होती. सुट्टीच्या दिवशी ती घरून सारखा फोन लावून बघायची, शाळेत फोन नाही, म्हणून दुखणं शाळेच्या दिवशी. भीती वाटली की पोटात खरंच पीळ पडतो, शरीर तसंच चालतं, ते नाटक नसतं.

म्हणजे तासाने तिच्या डोक्यात काही भरलं नाही, आत होतंच, ते दाखवायला एक कागद मिळाला. आत्महत्येबद्दल बोललं तर मुलं तेच करतील ही भीती तर त्याहून मोठी असते, पण युरोपातल्या १० देशांत ११ हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला, त्यात ज्या शाळांत मुलांशी मनाबद्दल मोकळेपणी बोललं गेलं तिथे वर्षभराने आत्महत्येचे प्रयत्न वाढले नाहीत, उलट बाकी शाळांपेक्षा जवळपास निम्मेच झाले. न्यूयॉर्क राज्याने तर १ जुलै २०१८ पासून आरोग्य शिक्षणात मानसिक आरोग्य कायद्यानेच सक्तीचं केलंय. आपल्याकडेही आयुष्मान भारतच्या शाळा आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून हा विषय आहे, शाळेमागे दोन शिक्षकांना ट्रेनिंग, आठवड्याला एक तास, पण मी बघते तो तास कित्येकदा गणिताला जातो आणि कुणी काही बोलत नाही, कारण पेपरात मार्क नाहीत. तास सक्तीचा व्हायलाच हवा, आणि मूल बोललं तर पुढे काय करायचं हे शिक्षकांना पक्कं माहीत हवं, नाहीतर पोराने तोंड उघडून उपयोग काय? जवळ समुपदेशक नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत पण बोलतात.

हिच्याबरोबर सहा भेटी झाल्या. श्वासाचा सराव केला, आणि पहिला महिना मधल्या सुट्टीत ऑफिसमधून घरी एकच फोन, मग एक दिवसाआड, मग बंद. वडिलांना वादळाच्या रात्रीबद्दल तिच्याशी बोलायला लावलं, ते आजवर बोललेच नव्हते.

पुढच्या ऑगस्टात होडी परत पाण्यात गेली. पहिल्या सोमवारी दुखलं, दुसऱ्याही दुखलं, पण दोन्ही दिवशी ती दप्तर घेऊन वेळेवर एसटीत चढली.