थायलेरिया या एकपेशीय परजीवीची लागण झालेल्या गायीच्या पेशी कर्करोगासारख्या का वाढतात? औषधाने त्या परत ताळ्यावर येतात का?

हो, परजीवी मेला की पेशींची बेसुमार वाढ थांबते, कारण ती वाढ पेशीच्या जनुकांतल्या कायमच्या बिघाडामुळे नसून आत बसलेल्या थायलेरियामुळे असते. आपल्याकडे संकरित गायींना गोचिडांमुळे जो थायलेरिओसिस होतो, त्यामागे थायलेरिया ॲन्युलाटा या जातीचा परजीवी असतो. तो पांढऱ्या पेशीत शिरतो, स्वतःभोवती आलेलं पेशीचं आवरण झटपट विरघळवतो आणि पेशीद्रवात मोकळा राहतो. मग पेशीचीच आयकेके ही प्रथिनं आपल्या पृष्ठभागावर ओढून घेतो. त्यातून एनएफ-कप्पा-बी हा संकेत सतत चालू राहतो आणि पेशीचा ठरलेला मृत्यू टळतो. सगळ्यात विलक्षण भाग पुढेच आहे: पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढणाऱ्या सूक्ष्मनलिकांना तो चिकटतो आणि दोन्ही नव्या पेशींत स्वतःही वाटला जातो. खांद्यापुढची लसिकागाठ सुजते ती याच पेशींनी. त्या गाठीतून सुईने काढलेला द्रव गिम्सा रंगाने रंगवला, की पेशींच्या आत निळसर ठिपकेदार पुंजके दिसतात. तेच हे परजीवी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशींना ब्युपारव्हाक्वोन हे थायलेरियावरचं औषध दिलं की परजीवी मरतो, विभाजन थांबतं आणि बहुतेक पेशी स्वतःच मरतात.

पण हे काचेच्या भांड्यातलं झालं. गोठ्यात औषधाला उशीर झाला आणि परजीवी तांबड्या पेशींत पोचून रक्तक्षय वाढला, तर इंजेक्शन देऊनही गाय दगावू शकते. शिवाय थायलेरियाच्या सगळ्याच जाती असं करत नाहीत. थायलेरिया ओरिएंटॅलिस पेशींना असं वाढायला लावत नाही.