अकरावं नाव मागणाऱ्याला

प्रिय मित्रा,

तुझी यादी वाचली. दहा भयपट आणि प्रत्येकापुढे एकपासून पाचपर्यंत कवट्या, हॉटेलच्या मेन्यूकार्डावर तिखटपणासाठी मिरच्या काढतात तशा. खाली लिहितोस की गेल्या शनिवारी होस्टेलच्या खोलीत 'मार्टर्स' लावलास, सात जणांतले तिघे मध्येच उठून गेले आणि त्यातला एक अजून तुझ्याशी धड बोलत नाही. हे तू तक्रार म्हणून लिहिलेलं नाहीस, फुशारकी मारलीयेस. आणि वर विचारतोस, "ताई, आता याच्या वरचं काही सांगा."

सांगते. पंचवीस वर्षांत नावं बरीच साठलीत. पण आधी मला त्या कवट्यांवरून तुझ्याशी भांडायचंय.

मिरचीचा हिशेब इथे चालत नाही. आतडी बाहेर आली तरी शेंगदाणे खात बसणारा माणूस रिकामं फिरणारं वॉशिंग मशीन बघून गार पडलेला मी पाहिलाय. कोणाला कशाची भीती वाटते ते त्याच्या घरात, त्याच्या गेल्या वर्षात कुठेतरी असतं, आणि ते आपल्याला सहसा माहीत नसतं. मलाही नव्हतं.

माझ्या जुन्या ऑफिसात एक मैत्रीण होती. दोघी नारायण धारपांवर वाढलेल्या, लोकलमध्ये एकमेकींना मतकरींच्या कथा सांगत जायचो. मी तिला मोठ्या उत्साहाने एका फ्रेंच सिनेमाची डिस्क दिली, 'आँतेरिअर', २००७चा, बुस्तियो आणि मोरी या जोडगोळीचा. म्हटलं, "नाताळच्या आदल्या रात्री घरात एकटी बाई आणि दाराबाहेर दुसरी बाई. बास, एवढंच सांगते." घरातली बाई पूर्ण दिवसांची गरोदर आहे आणि बाहेरचीला ते मूल हवंय, हे मी गिळून टाकलं. का, तर स्पॉयलर नको! मैत्रिणीचं पाचव्या महिन्यात गेलेलं मूल मला ठाऊक नव्हतं. आमच्या ऑफिसात येण्याआधीची गोष्ट ती. दोन दिवसांनी डिस्क माझ्या टेबलावर परत आली, खाकी पाकिटात, डिंकाने नीट बंद केलेली. ती काही बोलली नाही. डबा मात्र त्या दिवसापासून दुसऱ्या टेबलावर खायला लागली.

खरं तर ते गरोदरपण म्हणजे स्पॉयलर नव्हतंच. सिनेमा सुरू होतो तेच मुळी पोटातल्या बाळापासून. मी लपवलं ते फक्त माझी शिफारस जास्त गूढ वाटावी म्हणून. तेव्हापासून मी एक वाटणी करून ठेवलीये. काय सोसावं लागणार ते आधी सांगून टाकायचं. काय सापडणार त्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइकेचा 'ऑडिशन' घे, १९९९चा. त्याबद्दल मी एवढं सांगते: विधुर माणूस, मुलगा म्हणतो आता लग्न करा, सिनेमाच्या ऑडिशनच्या नावाखाली बायको शोधायचा बेत. पहिला तासभर संथ, जवळजवळ कौटुंबिक. शेवटाला शारीरिक छळ आहे, जवळून दाखवलेला आणि फार शांतपणे केलेला. हे ऐकून एखादा म्हणाला की नको, तर विषय संपला, आग्रह नाही. पण मधे एका खोलीत टेलिफोन वाजतो. त्या खोलीत आणखी काय आहे ते मी कोणालाही सांगत नाही, तुलाही सांगणार नाही.

आता तुझा 'मार्टर्स'. पास्कल लोजिएचा, २००८चा. फ्रान्समध्ये आधी त्याला अठरा वर्षांखालच्यांना बंदी असलेलं प्रमाणपत्र मिळालं होतं, बराच आरडाओरडा झाला आणि मग ते सोळावर आणलं गेलं. त्या काळात तिकडे असे सिनेमे एकामागून एक येत होते. जेम्स क्वांट या समीक्षकाने २००४ साली त्यांना 'न्यू फ्रेंच एक्स्ट्रीमिटी' असं नाव दिलं ते नाक मुरडून. चाहत्यांनी तेच बिरुद म्हणून छातीवर लावलं. असो. 'मार्टर्स' मी दोनदा पाहिलाय, तिसऱ्यांदा बघेन असं वाटत नाही, तरी तो मोठा सिनेमा आहे असंच म्हणेन. पण मधोमध तो कूस बदलतो. पहिल्या भागात धावाधाव आहे, धक्के आहेत. दुसऱ्यात एका मुलीचा पद्धतशीर छळ, दिवसामागून दिवस, जवळजवळ संवादाशिवाय. तुझे मित्र पहिल्या भागासाठी बसले होते. दुसऱ्यासाठी त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. उठून गेले त्यांची पोटं कच्ची होती असं तू लिहिलंयस, ते खोडून टाक.

आणि एक बाई म्हणून सांगते. तुझ्या दहापैकी आठ सिनेमांत जे शरीर फाडलं जातं ते बाईचं आहे. काही दिग्दर्शकांना त्यातून काही म्हणायचं असतं, काहींना फक्त फाडायचं असतं. फरक दर वेळी कळतोच असं नाही, मलाही नाही. पण यादी करणाऱ्याच्या ते निदान लक्षात तरी यावं.

वॉशिंग मशीनचं मगाशी म्हटलं ते कियोशी कुरोसावाच्या 'क्युअर'मधलं, १९९७. (प्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावाशी नातं नाही, हा प्रश्न दर वेळी येतो.) टोकियोत खून होतायत, प्रत्येक प्रेतावर फुलीचा तोच वार, पण खुनी दर वेळी वेगळा. तो तिथेच आसपास सापडतो आणि आपण असं का केलं ते त्याला सांगता येत नाही. तपास करणाऱ्या पोलिसाची बायको घरी आजारी असते आणि मशीन रिकामंच लावून ठेवते. त्यातला एक शॉट सांगते, यात काही बिघडत नाही. दिवसाउजेडी एक छोटी पोलीस चौकी, कॅमेरा रस्त्यापलीकडे असावा इतका लांब. आतून एक पोलीस बाहेर येतो, समोर पाठमोऱ्या असलेल्या सहकाऱ्याच्या डोक्यात गोळी घालतो आणि त्याला ओढत आत न्यायला लागतो. संगीत नाही, क्लोजअप नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. कचऱ्याचा डबा आत घ्यावा तसं चाललेलं असतं. तुझ्या मोजपट्टीवर याला अर्धी कवटी मिळेल. मी त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून झोपले होते.

माझ्या आईला भयपट अजिबात आवडत नाहीत. तिला मी कानेतो शिंदोचा 'ओनिबाबा' दाखवला, १९६४चा, कृष्णधवल. म्हटलं, सासू-सुनेची गोष्ट आहे. आहेच! चौदाव्या शतकातला जपान, सगळीकडे युद्ध, मुलगा लढाईवर गेलेला. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच गवतात सासू आणि सून झोपडी करून राहतात, वाट चुकलेल्या सामुराईंना मारतात, चिलखतं विकून धान्य आणतात आणि प्रेतं एका खोल खड्ड्यात टाकतात. मग शेजारी एक पुरुष परत येतो, सून रात्री बाहेर पडायला लागते, आणि सासूच्या हाती एक मुखवटा लागतो. सिनेमाभर ते गवत हलत राहतं. आई अर्ध्यावर म्हणाली, "हिला सुनेची नाही, एकटं पडायची भीती आहे." एवढं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही. नंतर तिला सांगितलं की शिंदो मूळचा हिरोशिमाकडचा, आणि मुखवट्याखालचा चेहरा रंगवताना त्याच्यासमोर अणुबॉम्बने भाजलेली माणसं होती. आई बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, पुन्हा लाव ते शेवटचं.

तू 'कॅनिबल होलोकॉस्ट'ला पाच कवट्या दिल्यायस आणि शेजारी 'खरं आहे!!' असं लिहिलंयस. यातलं काय खरं ते नीट सांगते, कारण इथेच आपल्या लोकांची गल्लत होते. देओदातोचा हा सिनेमा १९८०चा. इटलीत तो जप्त झाला, दिग्दर्शकावर खटला झाला आणि नट जिवंत आहेत हे त्याला सिद्ध करावं लागलं. खांब आरपार गेलेल्या बाईचं ते दृश्य म्हणजे लोखंडी खांबाला लावलेली सायकलची सीट, त्यावर बसलेली नटी आणि तिच्या तोंडात धरलेला हलक्या लाकडाचा तुकडा. माणसांचं सगळं खोटं. जनावरं मात्र खरी मेली. ते मोठं कासव खरंच कॅमेऱ्यासमोर मारलंय. याच्या बरोबर उलट प्रकार जपानच्या 'गिनी पिग' मालिकेचा. १९९१ साली हॉलिवूडचा नट चार्ली शीन याने त्यातला एक भाग बघितला, खराच खून चित्रित केलाय असं समजून एफबीआयला कळवलं. तो सगळा मेकअप होता, तो कसा केला ते दाखवणारी वेगळी चित्रफीतही निर्मात्यांनी काढली होती. मी 'कॅनिबल होलोकॉस्ट' पाहिलाय, कोणाला सुचवत नाही. कोणी आपणहून विचारलं तर कासवाचं सांगते आणि गप्प बसते.

बरं, तुझं अकरावं नाव. 'आंग्स्ट', ऑस्ट्रिया, १९८३, दिग्दर्शक गेराल्ड कार्गल. पदरचे पैसे घालून केलेला हा त्याचा एकमेव कथापट. तुरुंगातून सुटलेला एक माणूस एका घरात शिरतो, बाकी काही नाही. कॅमेरा नटाच्या अंगालाच बांधल्यासारखा त्याच्याभोवती फिरतो, त्याचा चेहरा स्थिर आणि जग गरगरतंय, वर क्लाउस शुल्झचं यंत्रासारखं संगीत, आणि त्याचा स्वतःचा आवाज अगदी समजूतदारपणे सगळं समजावून सांगतोय. सोसायचं ते असं: घरात एक म्हातारी आई आहे, एक व्हीलचेअरवरचा मुलगा, एक मुलगी, आणि कोणाची सुटका नाही. एक बुटका कुत्रासुद्धा आहे. त्याला काही होत नाही. हे सांगितल्यावर निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडतो, म्हणून ही एक गोष्ट मी फोडते. हा एकट्याने बघ. खोली भरून माणसं बोलावून बघायचा हा सिनेमा नव्हे.

नाव सांगताना साल आणि दिग्दर्शक सांगत जा, हा हमालीचा भाग आहे पण टाळू नकोस. ग्वातेमालाच्या हायरो बुस्तामान्तेचा 'ला योरोना' (म्हणजे रडणारी बाई, तिकडच्या लोककथांमधलं भूत) २०१९चा. त्याच वर्षी त्याच रडणाऱ्या बाईवर हॉलिवूडचाही एक भुताचा सिनेमा आला. मी सांगितलं एक आणि आमच्या भावजींनी बघितला दुसरा, आणि वर मलाच विचारलं, "यात काय एवढं?" बुस्तामान्तेच्या सिनेमात माया या मूळनिवासी लोकांची कत्तल करवलेला म्हातारा जनरल शिक्षा रद्द होऊन घरी बसलाय, बाहेर दिवसरात्र निदर्शकांच्या घोषणा, घरात पाणी. तसंच झुवाव्स्कीच्या 'पझेशन'चं, १९८१. अमेरिकेत तो सुमारे ४० मिनिटं कापून दाखवला होता. तसली प्रत बघून एखादा म्हणाला की काही कळलं नाही, तर चूक त्याची नाही. आणि डच 'स्पूरलोस' बघायचा तो १९८८चाच. त्याच दिग्दर्शकाने, जॉर्ज स्लाउझरने, पुढे अमेरिकेत तोच पुन्हा केला आणि शेवट बदलला. म्हणजे पोळीतलं पुरणच काढून घेतलं.

तुझ्या बहिणीने विचारलंय ना, तिला झेपेल असं काही? बाबाक अन्वरीचा 'अंडर द शॅडो' दे, २०१६चा, फारसी. इराण-इराक युद्ध, तेहरानवर क्षेपणास्त्रं, इमारत हळूहळू रिकामी होतेय, आई आणि लहान मुलगी मागे राहिल्यात आणि घरात काहीतरी शिरलंय. एका रात्री आई मुलीला कडेवर घेऊन जीव मुठीत धरून रस्त्यावर पळते, आणि डोकं झाकलेलं नाही म्हणून तिला पकडतात. रक्त जवळजवळ नाहीच. पण घरात लहान मूल असेल तर आधी सांग.

राहिला तो तुझ्याशी न बोलणारा मुलगा. त्याची माफी मागायला जाऊ नकोस एकदम, अवघडेल तो. या शनिवारी त्याला सांग की १९६७चा रशियन सिनेमा आहे, 'विय', गोगोलच्या कथेवरचा, जेमतेम सव्वा तासाचा. मेलेल्या मुलीच्या प्रेतापाशी तीन रात्री चर्चमध्ये एकट्याने प्रार्थना म्हणायची, आणि भोवती खडूने आखलेलं रिंगण. त्याच्या आजीने त्याला रिंगणाच्या गोष्टी सांगितल्या असतीलच. छळ नाही, चिरफाड नाही, तिसऱ्या रात्री जत्रेत सोंगं निघावीत तशी भुतं येतात. मेसचं जेवण आटोपून साडेनऊला लाव. दिवा चालू ठेवायचा का, ते त्यालाच विचार.

कवट्यांची यादी परत पाठवतेय. मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलंय, अक्षर लागलं नाही तर फोन कर.

तुझी,
ताई