दोन कार्बचा एक करायचाय? आधी हवा कुठून घेतेय ते बघा

या वेळी तीन पत्रं आलीत आणि तिन्ही कार्बोरेटरचीच, म्हणजे इंजिनला हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बची. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : काका नमस्कार. मी मूळचा इचलकरंजीचा, गेली नऊ वर्षं कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. गेल्या उन्हाळ्यात १९७९ ची यामाहा एक्सएस ६५० घेतली, बघूनच प्रेमात पडलो. पण स्लोला, म्हणजे रेस न देता, एका जागी थांबतच नाही. कधी हजारावर, कधी आपोआप अडीच हजारावर जाऊन बसते, आणि रेस सोडली की डाव्या सायलेन्सरमधून फटाके. इथले लोक म्हणतात दोन्ही कार्ब काढ आणि मिकुनी कंपनीचा व्हीएम ३४ हा एकच कार्ब लाव, दोन तासांचं काम आहे. घरी बेसमेंटमध्ये करू का? पॉवर किती जाईल? बायको म्हणते आधी आहे ती गाडी नीट चालव मग बदल कर.

उत्तर : बायकोचं ऐक. म्हणजे एक कार्ब लावूच नको असं नाही, ते पुढे सांगतोच, पण तुझ्या गाडीचं दुखणं तू जे लिहिलंयस त्यावरून मला दोन कार्बचं वाटत नाहीये, ती कुठूनतरी हवा घेतेय. स्लो आपोआप वर चढून बसणं आणि रेस सोडल्यावर फटाके, ही दोन्ही लक्षणं मिक्श्चर लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, झाल्याची. कार्ब आणि हेड यांच्यामध्ये जे रबर होल्डर असतात ते तुझ्या गाडीवर मूळचेच असतील तर आता पंचेचाळीस वर्षांच्या पुढचे झाले. वरून काळेकुळकुळीत छान दिसतात, पण काढून अंगठ्याने वाकवले की आतून चिरा उघडतात.

टेस्ट सोपी आहे. गाडी चालू करून जरा कोमट होऊ दे, मग झाडांना पाणी मारायच्या बाटलीने त्या रबरांभोवती बारीक फवारा मार, एका वेळी एकाच बाजूला. जिथे मारल्यावर इंजिनचा आवाज एकदम बदलला, अडखळला, तिथे चीर. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून पण कळतं पण गरम सायलेन्सरजवळ पेटणारी वस्तू कशाला फवारायची, पाण्याने भागतं.

दुसरं म्हणजे त्या कार्बमधले डायफ्रॅम. तुझ्या गाडीवर बीएस ३८ कार्ब आहेत, त्यात कार्बमधला छोटा पिस्टन (इंजिनचा नव्हे) हवेच्या ओढीने, व्हॅक्यूमवर उठतो, तुझ्या हातातल्या केबलने नाही, केबल फक्त हवेच्या वाटेतली झडप उघडते. पिस्टन उचलायला वर एक पातळ रबरी पडदा असतो, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी त्या बाजूचा पिस्टन आळशी होतो. वरचं झाकण काढ, पडदा दिव्यासमोर धरून हळूच ताण. उजेडाचा ठिपका दिसला तर पडदा गेला. आणि तिसरं, स्लो जेट, म्हणजे रेस सोडलेली असताना पेट्रोल देणारी छोटी नळी. त्याचं भोक इतकं बारीक की सहा महिने पेट्रोल तसंच राहिलं तरी डिंक बसून बुजतं. पिन घालू नको, भोक मोठं होतं, जुन्या केबलमधली एकच तार सोडवून तिने साफ कर आणि मग हवा मार.

आता गंमत ऐक. एक कार्बचं किट लावताना लोक काय करतात, तर जुने रबर काढून फेकतात, जुने फाटके पडदे जातात, बुजलेले स्लो जेट जातात, आणि सगळं नवं कोरं लागतं. गाडी गोड चालते आणि नाव होतं सिंगल कार्बचं! नवं रबर त्याच दोन कार्बला लावलं असतं तरी निम्म्या गाड्या तशाच चालल्या असत्या असं माझं मत आहे.

हे सगळं करूनही तुला एकच हवा असेल, कारण दर थोड्या महिन्यांनी दोन कार्ब सिंक करत, म्हणजे एकमेकांशी जुळवत बसायचा कंटाळा हे पण खरं कारण आहे, तर तुझी गाडी त्याला अगदी लायक आहे. का ते सांगतो, कारण हे न समजता लोक कुठल्याही ट्विनला, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाडीला, हा प्रयोग करतात आणि मग रडतात.

एक्सएस ६५० चा क्रँक ३६० अंशाचा. दोन्ही पिस्टन एकत्र वर, एकत्र खाली, पण एक फायर होतो तेव्हा दुसरा हवा ओढायच्या तयारीत असतो. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा, बरोब्बर सारख्या अंतराने, आलटूनपालटून ओढ लागते. डावा ओढतो तेव्हा उजव्याचा इनटेक बंद. म्हणून ६५३ सीसीला एक कार्ब पुरेल का या प्रश्नात दम नाही, कार्बला एका वेळी सव्वातीनशे सीसीच सांभाळायचेत, त्याला ३४ भरपूर झाला. याउलट जुनी होंडा सीबी ३५० बघ, तिचा क्रँक १८० चा, एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली, आणि इंजिन फोर स्ट्रोक, तिथे दोन ओढी जवळजवळ येतात मग मोठी गॅप. एक कार्ब लावला की ज्याचा नंबर दुसरा त्याच्या वाट्याला वेगळंच मिक्श्चर येतं, एक प्लग काळा एक पांढरा, आणि जेट बदलून बदलून माणूस म्हातारा होतो. तुझ्या त्या सल्लागारांपैकी कुणी होंडावाला असेल तर त्याला हे वाचून दाखव.

आता काम. सुरू करायच्या आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोज आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बघून घे, कारण दोन कार्ब असताना एका बाजूची कसर त्या बाजूच्या कार्बने थोडीफार झाकता येते, एकात ती सोय नाही, दोघांना एकच जेवण.

मॅनिफोल्ड, म्हणजे एका कार्बमधून दोन्ही सिलिंडरला जाणारी फाट्याची नळी, घेशील तो हेडवर नुसता ठेवून बघ, काच किंवा सपाट फरशीवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्याचे तोंड घासून सपाट कर, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. पॅकिंग नवं. बोल्ट जीव खाऊन आवळू नको, ॲल्युमिनियमचे आटे आहेत, गेले की गेले. कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मधे रबर पाहिजेच पाहिजे. ३६० चा ट्विन दोन्ही पिस्टन एकत्र आपटतो त्यामुळे थरथर भयंकर, कार्ब कडक बसवला तर कार्बच्या खालच्या पेट्रोलच्या (फ्लोटच्या) वाटीत फेस होतो आणि गाडी वरच्या आरपीएमला विनाकारण मिसिंग करते, आपण मात्र इग्निशन शोधत बसतो. मागून एक छोटी पट्टी देऊन कार्बचं वजन फ्रेमवर टेकव. टाकीचा कॉक व्हॅक्यूमवाला असेल तर मॅनिफोल्डला त्याची नळी लावायला निपल आहे का बघ, नसेल तर साधा कॉक टाक. आणि निपल जास्तीचे असतील तर ते बंद कर, उघडा निपल म्हणजे परत हवा घेणं.

केबल जुनी चालणार नाही. व्हीएममध्ये केबल थेट पिस्टन वर ओढते, टोक वेगळं, ओढ पण जास्त लागते. नवी बसवलीस की गाडी स्लोला ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळव. आवाज चढला तर केबल आखूड आहे किंवा कुठेतरी अडकतेय. हे न बघता रस्त्यावर जाऊ नको, वळणावर रेस आपोआप वाढणं म्हणजे काय ते अनुभवायची गरज नाही.

ट्यूनिंगला लोक आधी मेन जेट बदलत बसतात. उलटं कर. आठव्या भागापर्यंत रेस उघडी असते तेव्हा स्लो जेट आणि एअर स्क्रूचं राज्य, त्याच्या पुढे पाव रेसपर्यंत पिस्टनच्या खालच्या कापाचं, पाव ते पाऊण निडलचं (त्या पिस्टनला लटकणारी सुई), आणि मेन जेट त्याच्यापुढे. तुझी रोजची गाडी निडलवरच चालणार. ग्रिपवर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला अर्ध्यावर एक-दोन किलोमीटर धरून ठेव, मग क्लच दाबून तिथल्या तिथे इग्निशन बंद, बाजूला लाव आणि दोन्ही प्लग काढून बघ. बिस्किटासारखा रंग पाहिजे. पांढरा असेल तर निडलची क्लिप एक खाच खाली घाल म्हणजे निडल वर येते आणि पेट्रोल वाढतं, काजळी असेल तर क्लिप वर. एअर स्क्रू दीड फेरी उघडून सुरुवात कर, बाहेर काढला की लीन, आत घेतला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, हे व्हीएमचं. दोन प्लगचा रंग वेगळा आला तर जेटला हात लावू नको, परत हवा शोध.

पॉवरचं म्हणशील तर अगदी वरच्या आरपीएमला थोडी जाते, गावात कळत पण नाही. कळतं ते हाताला. व्हीएमला खालच्या आरपीएमवर एकदम रेस पिरगाळलीस तर ती गुदमरते, जुन्या कार्बमध्ये पिस्टन इंजिनच्या मागणीप्रमाणे उठायचा, इथे तू उठवतोस. आठवडाभरात सवय होते. आणि तुमच्याकडे वसंतात चार-पाच डिग्री आणि ओली हवा असेल तेव्हा कार्ब हेडपासून लांब गेल्याने त्यात बर्फ धरू शकतो, चालता चालता गाडी मरायला लागली तर दहा मिनिटं थांब, इंजिनच्या उष्णतेने सुटतो.

राहिला बेसमेंट. तिथे अजिबात नाही. तुमच्या घरांमध्ये खाली हीटिंगची भट्टी आणि पाण्याचा गॅस हीटर असतो ना? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीवरून सरकत जाते आणि वाटी उघडून तू स्क्रू शोधत असतोस तेव्हा तिकडे ज्योत पेटलेली असते. गॅरेजचा दरवाजा उघडा ठेवून कर, इंजिन तर बाहेरच चालू कर. जुने दोन्ही कार्ब तेल लावून डब्यात ठेव, विकू नकोस, उद्या गाडी विकायची झाली तर घेणारा आधी तेच विचारतो.

प्रश्न : दादा, कोल्हापुरातनं लिहितोय. वडिलांची राजदूत ३५० आहे, १९८४ ची, हाय टॉर्क. मायलेज वीस पण देत नाही. मिस्त्री म्हणतो वाय मॅनिफोल्ड करून एकच कार्ब टाकू, तीसला नेतो. टाकू का?

उत्तर : नको रे बाबा. तत्त्व म्हणून विचारशील तर टू स्ट्रोक ट्विन एका कार्बवर चालते, चेकोस्लोव्हाकियाची जावा ३५० आयुष्यभर एकाच कार्बवर चालली, कारण टू स्ट्रोकचा प्रत्येक सिलिंडर दर फेरीला ओढतो, म्हणून तिथे १८० चा क्रँक म्हणजे सारख्या अंतराने ओढ. पण ती तशी बनवलेली होती. आणि मायलेज कार्बच्या संख्येवर नसतं. कंपनीने स्वतः मायलेजसाठी हाय टॉर्कची लो टॉर्क केली, साडेतीस हॉर्सपॉवर सत्तावीसवर आणली, तरी ती काही स्प्लेंडर झाली नाही.

खरी भीती वेगळीच आहे. तुझ्या ग्रिपमधून निघालेली केबल पुढे फुटते, दोन फाटे दोन कार्बला आणि एक ऑइल पंपला. रेस जितकी, तितकं ऑइल. एक कार्ब टाकताना मिस्त्री केबल जुळवणार, कार्बला बरोब्बर जुळेल पण पंपाची ओढ कमी पडली की फुल रेसला ऑइल अर्धं. मी स्वतः हे केलेलं आहे, ९४ साली, दुसऱ्याच्या गाडीवर नाही तर माझ्याच. खंबाटकी चढताना झकास चालली होती, वर पोचायच्या आत मागचं चाक लॉक. क्लच दाबायला बोटं लिव्हरवरच होती म्हणून वाचलो. उजवा पिस्टन काढला तर त्याच्यावर वरपासून खालपर्यंत नखाने ओरबाडल्यासारख्या रेघा होत्या. पंपाच्या केबलला फक्त तीन-चार मिलिमीटर ढिलाई होती हो!

तू असं कर. एअर फिल्टर काढ, दोन्ही कार्बमध्ये एकेक बोट घाल आणि दुसऱ्याला अगदी हळू रेस द्यायला सांग. दोन्ही पिस्टन एकाच क्षणी हलले पाहिजेत, बोटाला लगेच कळतं. पुढे-मागे असतील तर कार्बवरच्या केबल ॲडजस्टरने जुळव आणि त्यानंतर पंपाची खूण जुळव, याच क्रमाने. रीडच्या पात्या, म्हणजे कार्ब आणि इंजिनमधल्या एकतर्फी झडपा, काढून बघ, कोपरा उडालेला असेल किंवा पाती बसत नसेल तर पेट्रोल उलटं थुंकतं, फिल्टर ओला दिसेल. ब्रेक घासतोय का, चेन कोरडी आहे का हे पण बघ, अर्ध्या मायलेजच्या तक्रारी तिथेच मिटतात. तीस मात्र विसर. वडिलांनी ती गाडी तीससाठी घेतली नव्हती.

प्रश्न : सर, माझ्या येझदी २५० ला सायलेन्सर दोन आहेत पण कार्ब एकच दिसतो. आधीच्या मालकाने एक काढून टाकला असेल का? डाव्या सायलेन्सरमधून धूर कमी येतो. (वाचक, बार्शी)

उत्तर : कुणी काही काढलेलं नाही. म्हैसूरच्या कारखान्यातून ती तशीच आली. सिलिंडर एकच, त्याला एक्झॉस्टची तोंडं दोन, म्हणून सायलेन्सर दोन. भल्याभल्यांना ती ट्विन वाटते, तुमचं चुकलं नाही. डावीकडे धूर कमी म्हणजे तो सायलेन्सर कार्बनने चोंदलाय. मागचा स्क्रू काढून आतली जाळीची नळी ओढून काढा, फिरवत फिरवत, वाट बघायला लावते. मोकळ्या जागेत जाळून घ्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ते पाणी इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला लागू देऊ नका, खाऊन टाकतं.