घरातली मराठी बंद करू नका

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एक ताई लिहितात: "मुलगा इंग्रजी माध्यमात दुसरीत आहे. वाचायला बसवलं की रडतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरी फक्त इंग्रजी बोला. माझं इंग्रजी बेताचंच. सासूबाई त्याला रोज मराठीत गोष्टी सांगतात, त्या थांबवायला सांगू का?"

ताई, अजिबात नको. बेताच्या इंग्रजीत तुमच्या घरात खा, उठ, अभ्यास कर एवढंच बोलणं उरेल. मुलाला भरपूर बोलणं कानावर पडायला हवं. शब्दातला पहिला आवाज ओळखणं, गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, हे तो आजीकडून मराठीत शिकला तरी इंग्रजी पुस्तक वाचताना कामी येतं. सासूबाई त्याला जे देताहेत ते कुठल्याही ट्यूशनमध्ये मिळणार नाही.

रात्री जेवणं झाली की दहा-पंधरा मिनिटं त्याला जवळ घेऊन तुम्ही वाचा, शब्दांखाली बोट फिरवत. त्याने तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा. तो वाचताना अडला तर क्षणभर थांबा, मग शब्द सांगून पुढे चला. तात्पर्य विचारू नका, "तू असतास तर काय केलं असतंस?" असं विचारा. आणि पाहुण्यांसमोर "वाचून दाखव" कधीही नको, मुलं त्यानेच धास्तावतात.

भाजी निवडताना म-ने सुरू होणारी नावं शोधा: मेथी, मुळा, मिरची. खंडेराव मार्केटला जाताना यादी त्याला लिहू द्या, चुका तशाच राहू द्या. दुकानांच्या गुजराती पाट्यांवरचे ग, म, न डोक्यावरची रेघ सोडली तर आपलेच आहेत, ते त्याला ओळखू द्या.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१० मध्ये सेंट्रल लायब्ररी सुरू केली. ती मांडवीला, तुमच्या घरापासून जवळच आहे. त्याला घेऊन जा आणि पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या.

तो पुस्तक नाकाशी धरत असेल, ओळी चुकत असेल, तर डोळे तपासून घ्या. बाईंनाही भेटा. तो नेमका कुठे अडतो, अक्षर ओळखण्यात, ती जुळवण्यात की अर्थ लागण्यात, हे विचारा. मला कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.