दाखवल्याशिवाय काही लावू नकोस

चि.स अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज सकाळी वाचला. लिंगाच्या टोकाच्या कडेला बारीक पांढरट दाण्यांची ओळ, दुखत नाही, खाजत नाही, बारावीपासून आहे तशीच आहे. आणि चवथीनंतर साखरपुडा करायचं ठरल्यापासून तुझी झोप उडाली आहे. विचारलंस ते फार बरं केलंस. फोटो मात्र पाठवू नकोस. मी फार्मसीवाला, डॉक्टर नव्हे, आणि असले फोटो फोनवरून फिरू नयेत.

तू वर्णन करतोस तसे दाणे बहुतेक वेळा शरीराचाच भाग असतात. डॉक्टर त्यांना ‘पर्ली पेनाईल पॅप्यूल्स’ म्हणतात. वयात आल्यावर ते दिसू लागतात. एक-दोन मिलिमीटरचे, सगळे साधारण सारखे, कडेभोवती एका किंवा दोन-तीन ओळींत बसलेले. ते कुणाकडून लागत नाहीत, तुझ्याकडून कुणाला लागणार नाहीत. अंघोळीत हयगय झाली म्हणून किंवा हस्तमैथुनामुळे ते येत नाहीत. औषधाची गरज नसते, आणि वय वाढतं तसे पुष्कळांचे पुसट होत जातात. अनेक पुरुषांना असतात, पण या विषयावर कुणी तोंड उघडत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की हे आपल्या एकट्याच्याच नशिबी आलं.

आणखीही काही निरुपद्रवी गोष्टी दिसतात. लिंगाची कातडी ताणली की तिच्याखाली पिवळसर ठिपके दिसतात. त्या केसाविना असलेल्या तेलग्रंथी. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जॉन फोर्डाईस यांनी १८९६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते फोर्डाईस स्पॉट्स. तेच ठिपके ओठांच्या कडेला आणि गालाच्या आतही असतात, आरशात बघ. अंडकोशावर कधी लालसर-जांभळे बारीक ठिपके येतात, तेही बहुधा साधेच. घासले गेले तर थोडं रक्त येतं आणि माणूस घाबरतो.

खरा त्रास मी काउंटरवर बघतो तो दाण्यांचा नसतो, त्यांच्यावर चोळलेल्या मलमांचा असतो. पोरगा बाहेर घुटमळतो, बायका-माणसं गेली की आत येतो, मोबाइलवर एका ट्यूबचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, ‘हे द्या’. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. मित्राला गुण आला, म्हणून यालाही हवं. दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते, आणि बरं झाल्यासारखं वाटतं. पण गजकर्ण असेल तर ते त्या आडोशाला पसरत जातं, आणि मग डॉक्टरलाही चटकन ओळखता येत नाही. जांघेतली नि लिंगावरची कातडी मुळातच पातळ, औषध जास्त शोषून घेणारी. महिनोन्‌महिने लावलं तर ती आणखी विरते, मांडीवर कायमचे चट्टे उठतात. आपल्याकडच्या पावसात रेनकोट घालून गाडी चालवायची आणि दिवसभर ओल्या जीनमध्ये बसायचं म्हटल्यावर जांघेत बुरशी होणारच. त्यावर उपाय आहेत, पण हा नव्हे. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या औषधांत घातली ती उगाच नाही. मला स्वतःला हे कलम आणखी कडक हवं होतं.

चामखिळीचं ॲसिड, चुना, टूथपेस्ट, ब्लेड यांतलं काहीही तिथे लावू नकोस. दाणे पिळूही नकोस. पिळून त्यातून काही निघत नाही, नुसती जखम होते आणि ती पिकते.

आता कधी जायचं ते नीट वाच, कारण इथे पोरं एक गोष्ट हमखास उलटी समजतात: दुखत नाही म्हणजे साधं. सिफिलिस हा शरीरसंबंधातून लागणारा आजार, त्याचा पहिला व्रण सहसा दुखतच नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनीही तो उठतो, बुडाशी कडक लागतो आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. रोग मात्र आत राहतो. वेळेत ओळखला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. म्हणून जखम भरून आली असली तरी दाखवायची. पाण्याने भरलेल्या, जळजळणाऱ्या फोडांचा झुबका आला, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे खरखरीत कोंब वाढायला लागले, मधे खळगी असलेले दाणे पसरत चालले, लघवीच्या जागेतून पू आला, जांघेत गाठी आल्या, तर जायचंच. नवा दाणा वाढतो आहे, रंग बदलतो आहे, रक्त येतं आहे, तरीही. आणि अंडकोशाच्या कातडीवर नव्हे, तर आतल्या गोळीलाच कडक गाठ लागली, तर एक आठवडाही थांबू नकोस. तो कर्करोग तरुण वयातच जास्त होतो.

तुझ्या वेर्ण्याच्या खोलीत चौघं राहता, म्हणून खरजेचंही सांगतो. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि लिंगावर, अंडकोशावर खाजऱ्या गाठी, असं असेल तर ती खरूज. एकट्याने औषध लावून ती जात नाही. डॉक्टर सांगतील ते क्रीम चौघांनी एकाच रात्री मानेखाली सर्वांगाला लावायचं, आणि चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवायचे.

तुझ्या बाबतीत मला तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही. तरी एकदा दाखवून घे, म्हणजे साखरपुड्यात तुझं मन थाऱ्यावर राहील. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जा, किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात. खिडकीवर सगळी कथा सांगायची नसते. ‘स्किनच्या डॉक्टरांना दाखवायचंय’ एवढं पुरे. आत गेल्यावर मात्र काही राखून ठेवू नकोस, संबंध आले असतील तर तेही सांग, कारण कोणत्या तपासण्या करायच्या ते त्यावर ठरतं. तू सांगितलेलं डॉक्टर घरी कळवत नसतात. त्याआधी कुणाशी फोनवर बोलायचं असेल तर एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा १०९७ हा क्रमांक मोफत आहे, लैंगिक आजारांबद्दलही तिथे विचारता येतं. भिंतींवर ‘गुप्तरोग शर्तिया इलाज’ लिहिणाऱ्यांकडे पाय वळवू नकोस.

आतापर्यंत काही लावलं असशील तर ती ट्यूब खिशात घालून ने. नाव विसरायला होतं, आणि डॉक्टर तेच आधी विचारतील.

तुझा,
काका