वाचक विचारतात: शिकागोचा इअरमफ आणि आमचे चाळीस

प्रश्न: माझी भाची शिकागोला लोगन स्क्वेअर भागात राहते. तिने तिथल्या जुन्या मतदारसंघाचा नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवला. वर एक तुकडा, खाली एक तुकडा, आणि दोघांना जोडणारी बारीकशी पट्टी. म्हणे लोक त्याला इअरमफ म्हणायचे, म्हणजे थंडीत कान झाकायला घालतात ते, दोन गोंडे आणि मधे पट्टी. हा सरळसरळ घोटाळाच नाही का? आणि ती म्हणते की घर न बदलता तिचा मतदारसंघ बदलला, ते कसं काय? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: तो इलिनॉय राज्याचा चौथा काँग्रेशनल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपल्या लोकसभा मतदारसंघासारखी तिथल्या हाऊसमधली एक सीट. नकाशा बघून कोणालाही घोटाळाच वाटणार, कारण पश्चिमेकडची ती पट्टी आय-294 हायवेला धरून जाते आणि काही ठिकाणी तर हायवेएवढीच रुंद, तिथे मत द्यायला माणूसच राहत नाही, नुसत्या गाड्या. पण घोटाळा म्हणायच्या आधी दोन तुकड्यांमध्ये कोण राहतं आणि मधल्या जागेत कोण राहतं हे बघायला पाहिजे, सगळी गोम तिथेच आहे.

खालचा तुकडा मेक्सिकन लोकांचा: पिल्सन आणि लिटल व्हिलेज. पिल्सन हे नाव मेक्सिकन नाही हं, ते चेक लोकांनी आपल्या गावावरून ठेवलेलं, मग पुढे ते लोक हळूहळू बाहेर गेले आणि मेक्सिकन आले, त्यातले बरेच शेजारच्या वस्तीतून, कारण तिथे युनिव्हर्सिटीचं कॅम्पस आणि हायवे आला आणि घरं गेली. वरचा तुकडा पोर्तो रिकोच्या, म्हणजे कॅरिबियनमधल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाच्या, लोकांचा: हम्बोल्ट पार्क आणि तुमच्या भाचीचं लोगन स्क्वेअर. तिथे डिव्हिजन स्ट्रीटवर रस्त्याच्या अख्ख्या रुंदीवर पोर्तो रिकोचे दोन स्टीलचे झेंडे उभे केलेत, 1995 पासून आहेत, खालून गाड्या जातात. भाचीला फोटो पाठवायला सांगा.

1990 च्या जनगणनेत शिकागो शहरात दर पाच माणसांमागे साधारण एक लॅटिनो, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको अशा लॅटिन अमेरिकेतल्या मुळाचा, होता, आणि इलिनॉयमधून तोवर एकही लॅटिनो खासदार काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, गेला नव्हता. 1965 च्या व्होटिंग राइट्स ॲक्टमध्ये 1982 साली दुरुस्ती झाली, त्यामुळे अल्पसंख्याकांची मतं विखरून निकामी करणारी आखणी कोर्टात टिकेनाशी झाली. म्हणजे लॅटिनोंना एक सीट द्यायलाच हवी होती. मग दोन वस्त्या सरळ का नाही जोडल्या? कारण मधोमध कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेला सातवा डिस्ट्रिक्ट. सरळ जोडायचं तर तो मधून कापावा लागला असता, म्हणजे एकाला न्याय द्यायला दुसऱ्याच्या ताटातलं काढायचं. म्हणून मग पश्चिमेकडून त्याला वळसा घातला.

आणि मजा बघा, 1991 मध्ये राज्याच्या विधिमंडळाचं नकाशावर एकमत होईना म्हणून काम तीन न्यायाधीशांच्या फेडरल कोर्टाकडे गेलं आणि कोर्टाने जो नकाशा घेतला तो रिपब्लिकनांनी दिलेला होता. पुढे त्याला आव्हान दिलं गेलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलं आणि 1998 मध्ये नकाशा कायम राहिला. 2011 मध्ये नवीन नकाशा करायची पाळी डेमोक्रॅटांची होती, त्यांनीही आकार तोच ठेवला. म्हणजे दोन्ही पक्षांना चालला. माझं मत विचाराल तर हा घोटाळा नाही, वाकडा दिसणारा सरळ हिशेब आहे. खरी लबाडी बऱ्याचदा छान चौकोनी मतदारसंघात असते, तिथे कोणाचं लक्षच जात नाही.

आता एक गंमत. मतदारसंघात मेक्सिकन जास्त, पण पहिले खासदार झाले लुईस गुटिएरेझ, ते पोर्तो रिकन वंशाचे, 1993 ते 2019 तेच. याला एक मोठं कारण म्हणजे पोर्तो रिकोच्या लोकांना 1917 पासून अमेरिकन नागरिकत्व आहे, शिकागोत आले की नाव नोंदवून मत देऊ शकतात, उलट मेक्सिकोतून आलेल्याला आधी ग्रीन कार्ड मग नागरिकत्व, वर्षं जातात. पण मतदारसंघ आखताना डोकी सगळ्यांची मोजतात, मत असो नसो, लहान मुलं पण. त्यामुळे या डिस्ट्रिक्टमध्ये माणसं इतरांएवढीच पण मतदान कायम कमी. तुमची भाची अजून ग्रीन कार्डवर असेल तर ती पण त्याच मोजणीत आली, मतदार यादीत नाही. गुटिएरेझ यांच्यानंतर हेसुस गार्सिया आले, ते मेक्सिकोत जन्मलेले.

भाचीचा मतदारसंघ का बदलला ते आता. 2020 च्या जनगणनेनंतर इलिनॉयची एक सीट गेली, 18 च्या 17 झाल्या. देशात एकूण 435 हा आकडा 1913 पासून ठरलेलाच, एका राज्याला वाढवली की दुसऱ्याची कमी होणार. एका सीटला सरासरी साडेसात लाखांहून थोडी जास्त माणसं. नवीन नकाशात इअरमफ मोडला, दक्षिणेचा भाग चौथ्यात राहिला आणि उत्तरेचा उपनगरांना जोडून तिसरा डिस्ट्रिक्ट केला, तिथून 2022 मध्ये डेलिया रामिरेझ निवडून आल्या. लॅटिनोंना एकाच्या जागी दोन झाल्या. पण हा नकाशा डेमोक्रॅटांनी एकहाती केलेला आणि 17 पैकी 14 सीट त्यांना, तेव्हा दिसायला नीट झाला म्हणून पवित्र झाला असं समजू नका. फक्त पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा केला या तक्रारीत फेडरल कोर्टं पडणार नाहीत असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2019 मध्येच सांगून टाकलंय.

प्रश्न: आमचे आमदार असा नकाशा आपल्या सोयीने करू शकतात काय? (मडगावची एक वाचक)

उत्तर: विधानसभेचा आणि लोकसभेचा नाही. ते काम डिलिमिटेशन कमिशनचं, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या आयोगाचं. खासदार-आमदार तिथे सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसतं, आणि कमिशनचा आदेश निघाला की विधानसभेला त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. आत्ताच्या सीमा 2008 च्या आदेशाच्या, त्याच वेळी लोकसभेच्या पणजी आणि मुरगाव या सीटांची नावं उत्तर गोवा, दक्षिण गोवा झाली. गोवा विधानसभेच्या चाळीस सीटांपैकी त्या आदेशात राखीव एकच, पेडणे, ती अनुसूचित जातींसाठी. गावडा, कुणबी, वेळीप समाज 2003 मध्ये अनुसूचित जमातींत आले तरी त्यांना विधानसभेत एकही सीट राखीव नव्हती, त्यासाठीचा कायदा संसदेत पास व्हायला 2025 उजाडलं. शिकागोत कोर्टाने वळसा घालून का होईना सीट काढून दिली, इथे बावीस वर्षं नुसती निवेदनं.

पालिकेचं मात्र वेगळं, तिथे प्रभाग आणि आरक्षण सरकारच्या हाताजवळ असतं. 2021 मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे, सांगे या पाच पालिकांचं प्रभाग आरक्षण हायकोर्टाने रद्द केलं, महिलांचं आरक्षण नीट दिलं नव्हतं हे त्यातलं एक कारण, आणि सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. वर हेही सुनावलं की राज्याचा कायदा सचिवच राज्य निवडणूक आयुक्त, हे चालणार नाही. इतकं साधं सांगायला दिल्लीपर्यंत जावं लागलं. तेव्हा आमदारांच्या नकाशाची काळजी जरा कमी करा आणि पालिका निवडणूक जवळ आली की आपल्या प्रभागाची अधिसूचना काढून बघा, कुठली आळी आत आहे आणि कुठली बाहेर.